गिरणगाव

मुंबई बेटाच्या मध्यभागातील कापडगिरण्यांचा जुना औद्योगिक परिसर. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी, परळ, लोअर परळ, प्रभादेवी व वरळी हे भाग त्यात मोडतात. सुमारे सव्वाशे वर्षे हा परिसर मुंबईच्या औद्योगिक जीवनाचे केंद्र होता. १९८२ च्या संपानंतर त्याचे स्वरूप पालटत गेले आणि गिरण्यांच्या ताब्यातील सु. ६०० एकर (सु. २४० हेक्टर) जमिनीचा पुनर्विकास हा नागरी नियोजनातील एक वादग्रस्त प्रश्न ठरला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत सु. ८० गिरण्या होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर इ. भागांतून कामगार येत. जॉबरच्या ओळखीने काम, गाववाल्यांच्या सामायिक खोलीत मुक्काम आणि खानावळीत जेवण, अशी त्यांची राहणी असे. भोंगा व तीन पाळ्या यांनी वस्तीचा दिनक्रम ठरे. नारायण मेघाजी लोखंडे यांची कामगार चळवळ, १९२८ चा सार्वत्रिक संप, अमर शेख व अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता यांचा या वस्तीशी निकटचा संबंध आहे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी झाले. संप अधिकृतपणे कधीही मागे घेण्यात आला नाही. जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीच्या वाढत्या किंमती यांमुळे अनेक मालकांना उत्पादनापेक्षा जमीन अधिक लाभदायक वाटू लागली. त्या वेळच्या ५८ गिरण्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेक खाजगी होत्या.

बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींच्या वापरास परवानगी दिली. जमिनीचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग मैदाने व उद्याने यांसाठी महानगरपालिकेला, एकतृतीयांश घरबांधणीसाठी म्हाडाला व उरलेला मालकाला, असे तिचे सूत्र होते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला. लगतच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करून मोकळ्या जागा व रेल्वेस्थानकांकडे जाणारे मार्ग परस्परांना जोडावेत, असा तिचा विचार होता. तो अंमलात आला नाही.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन विभागणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. समजा, दहा एकरांच्या आवारात आठ एकरांवर साचेखाते, कताईखाते व गोदामे आहेत. मूळ नियमानुसार उद्यानांसाठी सु. सव्वातीन एकर जमीन मिळाली असती. दुरुस्तीनंतर ती एक एकराहूनही कमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. तथापि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ ची दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान २००५ मध्ये महामंडळाने ज्युपिटर मिलची जमीन २७६ कोटी रुपयांस व मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटी रुपयांस विकली होती.

परिणामी प्रत्येक आवाराचा विकास स्वतंत्रपणे झाला. फिनिक्स मिलच्या जागी व्यापारी संकुल व इतरत्र कार्यालये आणि गगनचुंबी निवासी इमारती उभ्या राहिल्या. रस्ते, पादचारी पूल व सार्वजनिक सोयी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातील आगीत १४ जण मृत्युमुखी पडले.

गिरणी कामगारांच्या लढ्यामुळे म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर त्यांच्यासाठी घरे बांधण्यात आली. २०१२ मध्ये ६,९२५ व २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. अर्जदार मात्र सु. दीड लाख होते. अनेकांच्या वाट्याला पनवेलसारख्या दूरच्या ठिकाणची घरे आली. याउलट वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींत सु. १६० चौ. फुटांच्या खोल्यांतील रहिवाशांना त्याच ठिकाणी ५०० चौ. फुटांची घरे देण्याची योजना शासनाने आखली. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. मात्र येथील जमीन शासनाच्या मालकीची होती, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

अमेरिकेतील लोवेल या गिरण्यांच्या शहरात १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन करून जुन्या इमारती व कालवे यांचे जतन करण्यात आले. मुंबईत काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतला आणि दादरच्या इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली. ही उदाहरणे वगळता गिरण्यांच्या थोड्याच वास्तू सार्वजनिक उपयोगासाठी राखल्या गेल्या. जुन्या औद्योगिक जमिनीतून राहण्यायोग्य वस्ती घडवावयाची, तर मोकळ्या जागा, परवडणारी घरे व वाहतूक यांसाठी लागणारी जमीन विक्रीपूर्वीच राखून ठेवणे आवश्यक असते. १९९१ च्या नियमात तशी तरतूद होती; दहा वर्षांनी ती बव्हंशी निष्प्रभ झाली.