छाती आणि नाडी

पुरुषाने कसे असावे, हे मला वडिलांनी शिकवले नाही. ते बिचारे साहेब दिसला की उठून उभे राहत. ते शिक्षण मी 1975 च्या ‘दीवार’कडून घेतले. गोदीतला हमाल विजय हप्ता मागणाऱ्या गुंडांच्याच गोदामात जातो, दार आतून लावून घेतो आणि एकटा सगळ्यांना बडवतो! पुढे मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो. आमच्या खात्यात असे निदान अकरा विजय होते. केसांनी कान झाकलेले, शर्टाची वरची दोन बटणे उघडी. सुपरवायझर आला की बटणे आपोआप लागत.

हा रोग काही अंबडपुरता नव्हता. पडद्यावर गोरगरिबांसाठी तलवार चालवणारे एम. जी. रामचंद्रन 1977 मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. रामारावांनी 1982 मध्ये पक्ष काढला नि नऊ महिन्यांत आंध्र घेतला. 1984 मध्ये खुद्द आमचा अमिताभ अलाहाबादेत बहुगुणांना लोळवून लोकसभेत गेला. 1987 मध्ये राजीनामा देऊन परत आला. संसदेत दार आतून लावायची सोय नसावी.

आपल्याकडे मात्र गंमतच झाली. 1966 साली शिवसेना निघाली ती मराठी तरुणाचा संताप घेऊन. पण 1971 मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरपुढे तिने जोर लावला तो दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’साठी. नायक कोण, तर लोंबत्या नाडीचा, आईच्या धाकातला भोळा नाम्या! पुढे दादा सेनेच्या सभाही गाजवू लागले. लोकांना दोघेही हवे होते. एक म्हणजे आपल्याला व्हायचे होते तो. दुसरा म्हणजे आपण होतो तो. फक्त आरशात बघताना नाडी आत खोचून घ्यायची, इतकेच.

एके दिवशी आमच्या प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. मशीनला गार्ड नव्हता. चौकशीत साहेबांनी विचारले, “स्टोअरकडे गार्डची मागणी आली होती का?”

मी घसा खाकरला. म्हणालो, “बघून सांगतो, साहेब.”

संध्याकाळी चहाच्या टपरीवर अकराही विजय जमले. एकमत झाले, की आता कोणीतरी दणकट माणूस निवडून आला पाहिजे, त्याशिवाय या मालकांना वचक बसायचा नाही. मीही जोरजोरात मान हलवली.

मागणीची चिठ्ठी माझ्या खिशातच होती.