बोटावरचा आकडा

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. राज्य सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम नुकतीच सुरू झाली होती. घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आमच्याही दारात आल्या. एका हातात ताप मोजायचे पिस्तुलासारखे यंत्र, दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे काहीतरी. ‘आजी, बोट द्या,’ त्या अम्मीला म्हणाल्या. अम्मीने हात पुढे केला. नखांवर ईदची मेहंदी अजून अर्धी शिल्लक होती आणि म्हातारपणाने बोटे गार पडलेली. यंत्रावर नुसत्या दोन रेघा उमटल्या. ‘जरा हात चोळा आजी,’ ताई म्हणाल्या. हात चोळून झाले, बोट बदलून झाले, तेव्हा कुठे आकडा आला, ९७. ताईंनी वहीत लिहून घेतला आणि त्या शेजारच्या घराकडे वळल्या. अम्मी मात्र बोटाकडे बघत बसली. म्हणाली, ‘सुई टोचली नाही, रक्त काढलं नाही. मग रक्तातलं याला कळलं कसं?’

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तेही भाषा घेऊन. मला उत्तर देता आले नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असते. त्याला आपण एसटीचा लाल डबा समजू. फुप्फुसाच्या स्थानकात ऑक्सिजनचे प्रवासी चढतात आणि शरीरभर ठिकठिकाणी उतरतात. धमनीतून निघालेल्या गाडीत शंभरातल्या ९७ जागा भरलेल्या असतील तर आकडा ९७. जागा भरलेल्या असल्या की रक्त तांबडेलाल दिसते, रिकाम्या झाल्या की काळपट. रंगातला हा फरक नीट मोजता येतो, हे १८६० च्या दशकातच युरोपात कळले होते. जर्मनीत होप्पे-झायलर यांनी हिमोग्लोबिनला ते नाव दिले आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी १८६४ मध्ये दाखवून दिले की, ऑक्सिजन जाता-येता या द्रव्याचा प्रकाश शोषण्याचा गुण बदलतो.

मग डॉक्टर ऑक्सिजन कसा ओळखत होते? डोळ्यांनी. ओठ निळे पडले, नखे निळी पडली की समजायचे. १९४७ मध्ये अमेरिकेत ज्युलियस कॉमरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने या नजरेचीच परीक्षा घेतली. निष्कर्ष असा निघाला की, प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घसरेपर्यंत बहुतेकांना निळेपणा खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे रोगी धोक्याच्या कडेला पोहोचल्यावर वैद्याला पत्ता लागणार. दुसरा मार्ग धमनीतून रक्त काढून तपासण्याचा. तो अचूक खरा, पण उत्तर हाती येईपर्यंत वेळ जातो, आणि भूल दिलेल्या माणसाच्या बाबतीत काही मिनिटेसुद्धा फार असतात.

यंत्राचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. १९३५ मध्ये जर्मनीत कार्ल माथेस यांनी कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश पाठवून पाहिला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक उंचावर जाऊन बेशुद्ध पडत, म्हणून अमेरिकेत ग्लेन मिलिकन यांनी कानाला लावायचे यंत्र तयार केले. ‘ऑक्सिमीटर’ हा शब्द त्यांचाच. पण एक अडचण सुटत नव्हती. कानाच्या पाळीत धमनीचे रक्त असते, तसे शिरांतलेही असते. शिवाय कातडी, मांस, तिचा रंग, जाडी. प्रत्येक जण थोडा थोडा प्रकाश खातो. त्यातला धमनीच्या रक्ताने खाल्लेला वाटा वेगळा कसा काढायचा? कोणी पाळी दाबून रक्त बाहेर काढी, मग सोडी आणि फरक मोजी. कोणी कान गरम करी. १९७० च्या दशकात आठ रंगांचा प्रकाश वापरणारे यंत्रही बाजारात आले. ते मोठे, महाग आणि रोजच्या वापराला अवघड होते.

हा गुंता सोडवला जपानच्या ताकुओ आओयागी यांनी. १९३६ मध्ये निगाता प्रांतात जन्मलेले हे अभियंते १९७१ मध्ये निहोन कोडेन या कंपनीत दाखल झाले. खरे म्हणजे ते ऑक्सिजनच्या शोधात नव्हतेच. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते, ते रक्तात रंग सोडून कानाच्या पाळीतून मोजावे, असे त्यांचे काम चालले होते. रंगाचा आलेख सरळ, गुळगुळीत यायला हवा होता. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यावर बारीक लाटा उठत आणि मोजणी बिघडे. म्हणून त्या रंगाने शोषला न जाणारा अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, त्यांनी सोबत घेतला आणि एका प्रकाशाच्या लाटांनी दुसऱ्याच्या लाटा पुसायचा घाट घातला. पुसल्या गेल्याही. पण श्वास रोखून ऑक्सिजन कमी केला की लाटा पुन्हा डोके वर काढत.

दुसरा कोणी वैतागला असता. आओयागी थांबले आणि त्यांनी उलटा विचार केला. ऑक्सिजन बदलला की हिशेब बिघडतो, तर त्या बिघाडातूनच ऑक्सिजन का मोजू नये? शरीरात ठोक्याबरोबर कमी-जास्त होते ते धमनीतले रक्त. कातडी, हाड, शिरांतले रक्त हे सारे जवळपास स्थिर. तेव्हा स्थिर असेल ते सोडून द्यायचे आणि फक्त हलणारा भाग धरायचा.

जुन्या पद्धतीच्या दुकानात आपण तेल आणायला जात असू, ते आठवा. दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करी, मग तेल ओती. भांडे पितळेचे असो की ॲल्युमिनियमचे, वजन भरे ते तेलाचेच. आओयागींनी माणसाच्या बोटाचा असा धडा केला. ज्या लाटा पुसून टाकायला ते निघाले होते, त्याच कामाला आल्या. लाल आणि अवरक्त प्रकाशातल्या लाटांचे गुणोत्तर काढले की ऑक्सिजनचे प्रमाण कळते. अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

मार्च १९७४ मध्ये कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला. महिनाभरातच मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीनेही त्याच कल्पनेसाठी अर्ज दिला! निहोन कोडेनचे पहिले यंत्र कानाला लावायचे होते. कंपनीने पुढे त्याचा फारसा पाठपुरावा केला नाही. मिनोल्टाने १९७७ मध्ये बोटाला लावायचे यंत्र आणले, पण प्रकाश नेणाऱ्या काचतंतूंच्या केबलमुळे ते अवजड होते.

इथून पुढची कामगिरी रचना सुधारणाऱ्यांची. अमेरिकेत दिव्याऐवजी इवलेसे एलईडी आले, ते थेट चिमट्यातच बसले आणि केबलचा जाच संपला. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ विल्यम न्यू यांच्या नेलकॉर कंपनीने यंत्राला आवाज दिला. ऑक्सिजन चांगला असला की ठोक्याचा स्वर उंच, घसरला की स्वरही खाली उतरतो. भूलतज्ज्ञाला पडद्याकडे पाहावे लागत नाही, हातातले काम करता करता कानाला कळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत भूल देताना हे यंत्र लावणे नेमाचे झाले. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी काढली, तीत ऑक्सिमीटरचे कलम घातले. त्या कामाचे नेतृत्व करणारे शल्यविशारद अतुल गावंडे यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी नावाच्या खेड्यातून अमेरिकेत गेले होते. तरीही २०१० मधल्या एका अंदाजानुसार जगातल्या ७७ हजारांहून अधिक शस्त्रक्रियागृहांत हे यंत्र नव्हते.

आओयागींचे नाव मात्र जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ते जगापुढे आणले जॉन सेव्हरिंगहाउस या अमेरिकी संशोधकाने. रक्तातले वायू मोजणाऱ्या यंत्राचे हे एक जनक. त्यांनी १९८० च्या दशकात या शोधाचा इतिहास खणून काढला आणि श्रेय आओयागींच्या पदरात टाकले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. एप्रिल २०२१, दुसरी लाट. माझे थोरले भाऊ आजारी पडले. आम्ही भावंडे सावळी, भाईजान तर चांगलेच काळे. तोपर्यंत आमच्याही घरी यंत्र आले होते. आकडा ९५ दाखवत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. संध्याकाळी घरच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘आकडा राहू द्या. ते एक वाक्य सलग बोलू शकतात का, ते सांगा.’ नव्हते बोलू शकत. तीन शब्दांनंतर दम लागत होता. दवाखान्यात नेले, मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले, तेव्हा प्रमाण यंत्राने सांगितले त्यापेक्षा बरेच खाली निघाले. भाईजान वाचले. आज हे व्याख्यान ते रेडिओवर ऐकत असतील.

एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. आकडा चुकायला गार बोट, बोटाची हालचाल, नखांवरचा रंग, हलक्या प्रतीचे यंत्र अशी कितीतरी कारणे असतात. त्यासाठी शेकडो रोग्यांच्या नोंदी तपासाव्या लागतात. त्या अमेरिकेत तपासल्या गेल्या होत्या. मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल शोडिंग आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वेळी घेतलेला बोटावरचा आकडा आणि धमनीच्या रक्ताचा आकडा, अशा दहा हजारांहून अधिक जोड्या त्यांनी पाहिल्या. बोटावर ९२ ते ९६ दाखवले जात असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीय रोग्यांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. आणि चूक धोक्याच्या बाजूची. ऑक्सिजन उतरलेला असताना यंत्र ‘ठीक आहे’ म्हणते.

हे कसे झाले? धडा केल्यावर कातडीचा रंग वजा व्हायला हवा होता ना? तत्त्वतः हो, प्रत्यक्षात तो पूर्ण वजा होत नाही. शिवाय गुणोत्तरावरून आकडा कसा काढायचा, हे यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांचे रक्त तपासतात आणि तो तक्ता यंत्रात भरतात. हे स्वयंसेवक बहुतांशी गोऱ्या कातडीचे होते. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनात किमान दहा माणसांवर चाचणी सांगितली होती, आणि त्यांत गडद त्वचेची माणसे किती, तर दोन किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो.

आणि हे आधी कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९९० मध्ये तसा इशारा छापून आला होता. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तिघा संशोधकांनी मुद्दाम मोजून दाखवले की, ऑक्सिजन खाली गेला की गडद त्वचेवर यंत्रे जास्तीचा आकडा दाखवतात. त्या तिघांपैकी एक होते जॉन सेव्हरिंगहाउस. ज्यांनी या यंत्राच्या जनकाला न्याय दिला, त्यांनीच या यंत्राची उणीवही मांडली. पण तो निबंध कपाटात राहिला आणि यंत्रे विकली जात राहिली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात दीडशे किंवा अधिक माणसांवर, फिक्या ते गडद अशा सर्व छटांच्या त्वचेवर चाचणी सुचवली आहे. पहिल्या इशाऱ्यापासून इथवर यायला ३५ वर्षे लागली.

आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, वयाच्या ८४ व्या वर्षी. सारे जग त्यांचे यंत्र बोटावर चढवत होते, नेमक्या त्याच दिवसांत. त्या चिमट्याने किती जीव वाचवले याला गणती नाही, आणि त्यांचे ऋण मानूनच मी हे बोलतो आहे. आओयागींना जो बिघाड वाटला, तो त्यांनी फेकून न देता तपासला, म्हणून हे यंत्र जन्माला आले. काळ्या बोटावरची चूकही तशीच तपासायला हवी होती. ती तीस वर्षे किरकोळ मानली गेली, कारण ज्यांची बोटे चुकत होती, ते मोजणीत दोनच होते.

आपल्या देशात सावळ्या-काळ्या बोटांची संख्या कोट्यवधी आहे. आपल्याकडे बनणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या यंत्राचा तक्ता कोणाच्या बोटांवर तयार झाला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो प्रश्न औषध दुकानदाराला नव्हे, तर यंत्रे बनवणाऱ्यांना आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांना विचारायचा. तोवर घरच्या घरी एवढे करावे. हात ऊबदार असावा, नख स्वच्छ असावे, मिनिटभर स्वस्थ बसून मग आकडा पाहावा, आणि एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा पाहून तो घसरतो आहे का, तिकडे लक्ष ठेवावे. दम लागत असेल, वाक्य तुटत असेल, तर आकडा काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जावे.

आमच्या घरी ते यंत्र आजही कपाटाच्या खणात आहे. हिवाळ्यात अम्मीला खोकला झाला की भाईजान ते काढतात, तिच्या बोटाला लावतात. आकडा बघतात. आणि मग म्हणतात, ‘अम्मी, जरा माझ्याशी बोल.’