नावेतली विहीर

मंडळी, ‘शिडाच्या लहान नावेत इंजिन आत बसवण्याचा इतिहास’ असा आजचा विषय कळला, तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, ‘सर, इथं उन्हाळ्यात प्यायले पाणी नाही, अन् तुम्ही नावेचं काय सांगता बाप्पा!’ आक्षेप रास्त आहे. धामणगावहून समुद्र फार लांब. वर्धा नदी जवळ आहे, पण तिच्यावर शिडाची नाव आम्ही तरी कधी पाहिली नाही.

पण आपल्या गावाच्या नावातच एक इंजिन बसवलेलं आहे, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. आपलं धामणगाव रेल्वे. १८६७ साली जीआयपी रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला, त्या मार्गावर आपलं स्टेशन. रूळ नुसते शेजारून गेले असते, तर गाव होतं तसंच राहिलं असतं. तसं झालं नाही. कापसाचा बाजार, जिनिंगचे कारखाने, घड्याळ, गावाचं नाव, सगळं त्या रुळांभोवती नव्याने जुळलं. म्हणजे यंत्र बाहेर टांगलेलं असणं वेगळं आणि ते आत घेणं वेगळं. आज हा फरक आपण समुद्रावर नेऊन पाहू. तिथे तो करवतीने कापावा लागतो, म्हणून स्पष्ट दिसतो.

आधी बाहेरचं इंजिन. नावेच्या मागच्या फळीवर शिकंजाने अडकवायची आणि काम झालं की उचलून खांद्यावर घरी न्यायची, अशी ही मोटर. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याला १९०७ साली तिचं पेटंट मिळालं. खपाची चांगली मोटर ओले एव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास बाजारात आणली. हा नॉर्वेतून आलेल्या कुटुंबातला कारागीर. तळ्याकाठी सहलीला गेला असताना मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं, वल्हवत आणेपर्यंत ते वितळलं आणि त्यातून मोटर सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मोटर मात्र दीड अश्वशक्तीची आणि साधारण अठ्ठावीस किलोंची होती. एका माणसाला उचलता येईल एवढी.

तळ्यात ती झकास चालते. समुद्रात अडचण होते. लाट नावेखालून जाते तेव्हा नावेचं मागचं टोक वर उचललं जातं, पंखा पाण्याबाहेर येतो आणि हवेत भणभणतो. पुढच्या क्षणी तो पुन्हा पाण्यात आपटतो. सगळं वजन अगदी टोकाला, म्हणून लहान नाव मागे बसते. मागून आलेली लाट थेट मोटरीवर. शिवाय शिडाच्या नावेला सुकाणूही मागेच असतं, म्हणजे एकाच दाराशी दोघांची गर्दी.

यावर लहान नावा बांधणाऱ्यांनी उपाय काढला, मोटर आत घेण्याचा. नावेच्या मागच्या भागात, पण टोकापासून आत, तळाला चौकोनी भोक पाडायचं. भोकाच्या चारी बाजूंनी पाणी न झिरपणाऱ्या भिंती उभ्या करायच्या आणि त्या पेटीत मोटर उभी सोडायची. इंग्रजीत अशा पेटीला ‘विहीर’ म्हणण्याचीच रीत आहे. इथे समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या शेतात विहीर असेल, तेव्हा चित्र डोळ्यांपुढे आलंच असेल. तळाला भोक पाडलं तर नाव बुडणार नाही का? नाही. पेटीतलं पाणी बाहेरच्या समुद्राच्या पातळीपर्यंत चढतं आणि थांबतं. भरलेल्या नावेच्या पाणरेषेपेक्षा भिंती पुरेशा उंच हव्यात, एवढंच. पण याची किंमत आहे. पेटीत जेवढं पाणी शिरलं, तेवढी नावेची तरंगण्याची ताकद गेली. नाव थोडी खाली बसते.

पुढचं दुखणं धुराचं. अशा मोटरीचा धूर बहुतेक पाण्याखाली सोडलेला असतो, पण मंद गतीत काही धूर वरच्या भोकातूनही निघतो. पेटीला झाकण असलं की तो आतच कोंडतो आणि मोटर स्वतःच सोडलेला धूर पुन्हा आत घेऊन गुदमरून बंद पडते. म्हणून वाऱ्याला वाट ठेवावी लागते. अरुंद पेटीत मोटर डावी-उजवी वळत नाही, मग दिशा सुकाणूनेच द्यायची. आणि शिडावर जाताना तळाचं भोक पाण्याला अडतं. तेव्हा मोटर वर उचलून भोकात त्याच मापाचं बूच बसवावं लागतं. मोटर आत आली की नावेची प्रत्येक फळी तिच्याशी बोलणी करू लागते. बाहेर टांगलेली असताना असलं काही नव्हतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणात हा प्रश्न पेटीच्या रूपात नाही, मोठ्या रूपात आला: शिडाच्या मासेमारी नावेत कायमचं डिझेल इंजिन बसवण्याच्या रूपात. त्याआधी सरकारने दुसरा रस्ता चाचपून पाहिला होता. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेचा ट्रॉलर मुंबईजवळच्या समुद्रात फिरवून पाहिला. ती परदेशी नमुन्याची आयती बोट, किनाऱ्यावरच्या माणसांशी तिचा संबंध नाही. तिचा व्यवहार जमला नाही. स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विचार उलटा झाला. नवी बोट आणण्याऐवजी आहे त्याच नावेला इंजिन बसवता येईल का? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौकातज्ज्ञ भारतात आले, किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या नावा मोजल्या गेल्या.

आणि मुंबई-सौराष्ट्राचा किनारा इथे नशीबवान ठरला. नशीब म्हणायचं, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं सुतारकाम होतं. सातपाटीचे, वर्सोव्याचे मचवे हे फळ्यांचे, सरळ कण्याचे, टोकदार नाळेचे, रुंद पोटाचे. तळाला भक्कम कणा असल्याने त्याच्यावर इंजिनाचा पाया बसतो. रुंद पोटात इंजिनाला जागा मिळते. मागचा भाग थोडा कापून-जोडून घेतला की भागतं. म्हणून इथे यांत्रिकीकरण जुन्या लाकडातून झालं.

ते काम कसं होतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकांत ते ‘किरकोळ बदल’ या दोन शब्दांत उरकलेलं असतं. कण्याच्या दोन्ही अंगांना जाड तुळया टाकून इंजिनाची बैठक करायची. तिथून मागे शाफ्ट न्यायचा. मागचा उभा खांब हा शिडाच्या नावेचा सगळ्यांत घट्ट भाग, नेमकं त्यालाच आरपार भोक पाडायचं. इंजिन, शाफ्ट आणि भोक एका रेषेत आलं नाही, तर शाफ्ट थरथरतो आणि काही महिन्यांत सगळं सैल होतं. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे नळीत ग्रीज लावलेला दोर कोंबतात. तो फार आवळला तर शाफ्ट तापतो, ढिला ठेवला तर पाणी आत येतं. पंखा फिरायला सुकाणूच्या पुढे खाच कापायची. तळाशी वजनासाठी ठेवलेले दगड काढायचे, कारण इंजिनाचं वजन आता तिथे आलं. डोलकाठी, परबाण, शीड यांचा सगळा तोल पुन्हा बघायचा. आणि मग थरथर. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापसाचा पीळ ठोकून बसवलेला असतो. वाऱ्याने चालणाऱ्या नावेत तो वर्ष-वर्ष टिकतो, इंजिनाच्या हादऱ्याने लवकर निसटतो. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाने हे ऐकून ठेवावं. तिथल्या समुद्राला अडवून धरणारी शेवटची वस्तू कापसाची असते.

इंजिनाची किंमत एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हती. कर्ज आणि अनुदान सहकारी संस्थांमार्फत आलं. त्यात सातपाटीच्या मच्छीमार संस्थांचं नाव आदराने घेतलं जातं. किर्लोस्कर, रस्टन, पुढे अशोक लेलँड, ही इंजिनं. यातली पहिली दोन नावं आपल्या शेतकऱ्यालाही ओळखीची. एकच भाऊबंद, एक विहिरीवर, एक समुद्रावर. नावेतही एक गोष्ट गुपचूप बदलली. पूर्वी मिळालेल्या मासळीचे वाटे पडत: नावेचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. आता सगळ्यांच्या आधी डिझेलचा खर्च वजा होऊ लागला. इंजिनही वाटेकरी झालं, आणि तेही पहिल्या पंगतीतलं.

याच वेळी दक्षिणेत काय झालं ते पाहा. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. तिथेही आधी मनसुबा जुन्या नावांना इंजिन बसवण्याचाच होता. पण तिथल्या नावा म्हणजे एका खोडात कोरलेली डोणी, नाहीतर ओंडके दोरांनी बांधलेलं कट्टुमरम. डोणीला इंजिनाचं वजन आणि थरथर सोसत नाही. कट्टुमरमला तर पोटच नाही, इंजिन ठेवायचं कुठे? मग नव्या बोटी बांधल्या. त्यांच्याबरोबर कोळंबीची निर्यात आली, ट्रॉलर आले, आणि पैसा गुंतवणारे, समुद्राशी काहीही नातं नसलेले लोकही आले. सत्तरच्या दशकात जुन्या नावावाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात उघड संघर्ष पेटला. १९८८ पासून केरळ सरकारला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद ठेवावं लागलं. नवी बोट घ्यायला भांडवल हवं. ज्याच्याकडे भांडवल त्याची बोट. कोकणात जुनी नाव कापून चालली म्हणून निदान सुरुवातीला तरी नाव नाखव्याच्या घरातच राहिली. एवढा मोठा फरक नावेच्या पोटाच्या आकाराने पडला, असं आमचं मत आहे. अर्थशास्त्रवाले आणखी कारणं सांगतील, ती आम्ही नाकारत नाही.

मात्र कोकणाचं कौतुक इथेच थांबवतो. जुन्या लाकडाने पुढचं काही वाचवलं नाही. ट्रॉलर इथेही आले, पर्ससीन जाळी आली. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांचं आंदोलन उभं राहिलं. सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, गोव्यात १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली. गंमत अशी की याच ऐंशीच्या दशकात केरळातले लहान नावावाले स्वतःच बाहेरच्या मोटरी घेऊ लागले, जपानी, केरोसीनवर चालणाऱ्या. ज्यांच्या नावेच्या पोटात इंजिन बसत नव्हतं, त्यांनी ते शेवटी बाहेर टांगलं.

आत आणि बाहेर यांच्या मधला एक सुंदर प्रयत्नही झाला. बंगालच्या उपसागरासाठीच्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात ऐंशीच्या दशकात ओइव्हिंद गुल्ब्रांडसेन या नॉर्वेजियन नौकातज्ज्ञाने आंध्र-ओरिसाच्या वाळूच्या किनाऱ्यासाठी नावा आखल्या. तिथे बंदर नाही, लाटांतून थेट वाळूवर यावं लागतं आणि खाली पंखा असेल तर तो मोडतो. म्हणून डिझेल इंजिन नावेच्या आत एका पेटीत ठेवलं, पण ती पेटीच वर-खाली होईल अशी बिजागरीवर. वाळू जवळ आली की पेटी कलवायची, पंखा वर. इंजिन आतलं, वागणं बाहेरच्या मोटरीसारखं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, त्यामुळे एक सवय जात नाही. नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यांपैकी एकही रथ नाही, मग रथ कुठे आहे? आमच्यासमोर सरकारी गणनेचा तक्ता असला की हेच आठवतं. सागरी मासेमारीच्या गणनेत नावांचे तीन वर्ग असतात: यांत्रिक, मोटर लावलेली आणि बिगर-मोटर. इंजिनाने नावही चालते आणि जाळंही ओढलं जातं, ती यांत्रिक. इंजिन फक्त ये-जा करण्यापुरतं, ती मोटर लावलेली. म्हणजे सरकारने नाव कशाची आहे हे विचारलं नाही, इंजिन किती आत शिरलं आहे हे विचारलं. तत्त्वज्ञानाच्या पदवीशिवाय कुणी कारकुनाने हे वर्गीकरण केलं असेल, तर त्याला आमचा नमस्कार.

आपल्याकडे मोट होती. आमच्या पिढीने पाहिली आहे. बैल दमले की मोट थांबे, विहिरीला झरायला वेळ मिळे. मोटेच्या जागी इंजिन आलं, मग विजेचा पंप. आता थांबायचं कुणी? विहिरीचा तळ दिसेल तेव्हा. समुद्रावर शीड होतं तेव्हा पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावीच लागे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग बाहेर पडायचं. ती सक्ती वाऱ्याची होती. इंजिन आत आल्यावर वाऱ्याची सक्ती संपली, आणि आता १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, ती सरकारी आदेशाने. वारा जे फुकट करत होता, त्यासाठी आता गस्तीची बोट लागते, आणि गस्तीच्या बोटीलाही डिझेल लागतं.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेऊ. ‘पुरात माणसं काढायला रबरी बोट येते, तिची मोटर बाहेरच लटकलेली असते. आत घेतली तर जास्त चांगलं नाही का?’ नाही, तिथे बाहेरचीच हवी. पुराच्या पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही: काट्यांचं कुंपण, तारा, बुडालेली बैलगाडी. पंखा क्षणात वर उचलता यायला हवा. बोट ट्रकमधून आणायची, हवा भरायची, मोटर लावायची, एक बंद पडली तर दुसरी लावायची. त्या बोटीला जन्मभर समुद्रावर राहायचं नाही, तीन दिवस वर्धेच्या पुरात राहायचं आहे. फक्त बसताना कुणी मोटरीच्या बाजूला गर्दी करू नये. पंख्याभोवती हात-पाय, लुगड्याचा पदर, दोर काही जाऊ देऊ नये, आणि माणूस पाण्यातून वर घेताना मोटर बंद ठेवावी.