तुमच्या फोनमधलं लिथियम येतं कुठून? एका बॅटरीचा जमिनीपर्यंतचा हिशोब

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या फोनची बॅटरी फुगली. मागचं कव्हर एका बाजूने उचललं गेलं, म्हणून मी तो जवळच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने बॅटरी काढली, नवी बसवली आणि जुनी सरळ खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी विचारलं, "हिचं पुढे काय होतं?" तो म्हणाला, "काय होणार? जाते कचऱ्यात."

घरी आल्यावर मला वाटलं, डब्यात काय गेलं ते तरी बघूया. त्या शोधातून हा लेख तयार झाला.

एका फोनमध्ये लिथियम किती?

लिथियम हा सगळ्यात हलका धातू. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि खिशात मावणारी उपकरणं शक्य झाली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेलही याच बॅटरीच्या तीन शिल्पकारांना मिळालं.

दर १००० एमएएचमागे साधारण ०.३ ग्रॅम लिथियम लागतं. म्हणजे ५००० एमएएचच्या फोनमध्ये झालं सुमारे दीड ग्रॅम. चिमूटभरच! पण जगात दरवर्षी शंभर कोटींहून जास्त स्मार्टफोन विकले जातात. आणि इलेक्ट्रिक कारच्या एका बॅटरीत काही किलो लिथियम असतं, म्हणजे हजारो फोनांइतकं. खरी मागणी तिथून वाढते आहे.

लिथियम मिळतं कसं?

मुख्य मार्ग दोन आहेत.

१. खडकातून: ऑस्ट्रेलियात स्पोड्युमिन नावाचा खनिज खडक फोडून, भाजून, रसायनांनी धुवून लिथियम काढतात. यात ऊर्जा भरपूर लागते आणि उरलेल्या दगड-मातीचे ढीग साचतात.

२. खाऱ्या पाण्यातून: चिलीच्या अटाकामा वाळवंटात मिठागर आहे, सालार दे अटाकामा. तिथे जमिनीखालचं अतिखारं पाणी पंपाने वर काढून मोठमोठ्या उथळ तलावांत सोडतात. बारा ते अठरा महिने ऊन ते पाणी आटवतं, मग उरलेल्या दाट द्रावणातून लिथियम वेगळं करतात. आपल्या कोकणातल्या मिठागरासारखंच, फक्त प्रचंड मोठं.

मी एक ढोबळ हिशोब केला. या पाण्यात लिथियमचं प्रमाण साधारण ०.१५ टक्के असतं आणि प्रक्रियेत जवळपास निम्मं वाया जातं. म्हणजे एका फोनसाठी सुमारे दोन लिटर पाणी हवेत उडवावं लागतं. दोन लिटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण अटाकामा हा जगातल्या सगळ्यात कोरड्या प्रदेशांपैकी एक. तिथे फ्लेमिंगो पक्षी आहेत आणि शेकडो वर्षं राहणारे लिकानांताय लोकही. २०२४ मध्ये चिली विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या रडार नोंदींवरून दाखवलं, की पाणी उपसल्यामुळे मिठागराचा काही भाग वर्षाला १ ते २ सेंटिमीटर खचतो आहे.

मग भारतात काय?

९ फेब्रुवारी २०२३ ला बातमी आली आणि आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरली: जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडलं! पण 'सापडलं' हा शब्द जरा समजून घेऊया.

खनिजशोधाच्या चार पायऱ्या असतात:

- जी४: प्राथमिक पाहणी. नकाशे, उपग्रहचित्रं, माती-दगडांचे नमुने.
- जी३: प्राथमिक शोध. साठा असावा असा अंदाज.
- जी२: सर्वसाधारण शोध. जास्त ठिकाणी ड्रिलिंग, जास्त खात्री.
- जी१: सविस्तर शोध. इथे कुठे, किती आणि कोणत्या प्रतीचं, हे नीट कळतं.

रियासीचा आकडा जी३ पायरीवरचा होता. अंदाजित साठा वेगळा आणि परवडेल अशा खर्चात काढता येणारा साठा वेगळा. लिलाव जाहीर झाला, पण पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. शिवाय हा भाग हिमालयाच्या कुशीतला, भूकंपप्रवण, चिनाब नदीच्या खोऱ्यातला. तिथे खाण खणायची, तर उतार, पाणी आणि गावं यांचा विचार आधी करावा लागेल.

दरम्यान 'काबिल' या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात पाच खाऱ्या पाण्याचे ब्लॉक शोधकामासाठी घेतले.

समतोल साधतो कसा?

उत्तर लांब शोधायला नको. शेजारी गोव्यात बघा. लोहखनिजाच्या खाणींची माती ओढ्यांत आणि भातशेतीत उतरत होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्या हजारो घरांची कमाई एकदम थांबली. म्हणजे आधी बेसुमार खणलं, तर शेवटी शेतीही जाते आणि रोजगारही. मर्यादा खणण्याआधी ठरवायला हवी, हा त्यातला धडा.

त्यासाठी हाताशी असलेले उपाय असे:

- आधी उपग्रह आणि हवाई सर्वेक्षण, मग मोजक्याच जागी ड्रिलिंग. जमीन कमी उकरली जाते.
- डीएलई तंत्र: पाणी न आटवता त्यातून फक्त लिथियम शोषून घ्यायचं आणि पाणी परत जमिनीत सोडायचं. चिलीने २०२३ च्या धोरणात याला पसंती दिली. पण काही पद्धतींना गोडं पाणी आणि वीज बरीच लागते, त्यामुळे ही जादूची कांडी नाही.
- स्थानिकांचं म्हणणं ऐकणं. भारतात २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणीची पायरी आहे. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांच्या खाणींना त्यातून सूट दिली. लिथियमही त्याच यादीत येतं. मला ही सूट खटकते. काम लवकर होईल, हे खरं. पण आपल्या झऱ्याचं पाणी कुठून येतं, हे गावकऱ्यांना नकाशापेक्षा चांगलं माहीत असतं.

आपण काय करू शकतो?

खाण आपल्या हातात नाही, फोन आहे. बॅटरी बदलून तोच फोन अजून दोन वर्षं वापरता आला, तर वापरा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका, आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. तिथून बॅटऱ्या रिसायकलिंगला जातात, दळून त्यांची काळी भुकटी होते आणि तिच्यातून लिथियम, कोबाल्ट, निकेल परत मिळवतात.

मी दुसऱ्या दिवशी त्या दुकानात परत गेलो. डबा रिकामा झाला होता. माझं दीड ग्रॅम लिथियम कचरा डेपोवर गेलं. आता घरातल्या ड्रॉवरमध्ये आणखी दोन बंद फोन आहेत, ते या रविवारी केंद्रावर देणार आहे. तुमच्या ड्रॉवरमध्ये किती आहेत? एकदा उघडून बघा.