मोनॅको : करमुक्त भूमीवरचे महागडे घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, तीन बाजूंनी फ्रान्स आणि चौथ्या बाजूला भूमध्य समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीत मोनॅकोचे संस्थान वसले आहे. क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ३९ हजार. त्यांतील मूळ नागरिक एक-चतुर्थांशच. बाकी सारे बाहेरून येऊन स्थायिक झालेले. त्यांना येथे खेचून आणणारे मुख्य आकर्षण म्हणजे येथे नसलेला प्राप्तिकर.

या सवलतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मोंते कार्लोच्या जुगारगृहातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या बळावर तिसरे चार्ल्स यांनी १८६९ मध्ये प्रत्यक्ष कर रद्द केले. मात्र ही सवलत सर्वांना लागू नाही. फ्रान्सशी झालेल्या १९६३ च्या करारानुसार येथे राहणाऱ्या बहुतेक फ्रेंच नागरिकांना फ्रान्सचा प्राप्तिकर भरावाच लागतो. शिवाय फ्रान्सप्रमाणेच येथेही मूल्यवर्धित कराचा मुख्य दर २० टक्के असून, तोच राज्याच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. पती-पत्नी व थेट वारसांना वारसा कर नाही; नाते नसलेल्या व्यक्तीस मात्र येथील मालमत्तेवर तो १६ टक्के पडतो.

निवास परवाना

घर विकत घेतले म्हणजे निवासाचा हक्क मिळाला, असे नव्हे. त्यासाठी राहण्यायोग्य जागा, निर्वाहाची पुरेशी आर्थिक क्षमता आणि निष्कलंक चारित्र्य या तिन्हींचा पुरावा द्यावा लागतो. जागा भाड्याची असली तरी चालते. मात्र ती कुटुंबाला पुरेशी हवी. आर्थिक क्षमतेसाठी सामान्यतः स्थानिक बँकेचे पत्र सादर करतात. भारतीयांसारख्या युरोपबाहेरील नागरिकांना प्रथम फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. परवाना आरंभी एक वर्षाचा, पुढे तीन आणि दहा वर्षांचा मिळतो. वास्तव्य प्रत्यक्ष असावे लागते. केवळ कागदोपत्री पत्ता पुरत नाही.

घरखरेदी

परदेशी व्यक्तीच्या घरखरेदीवर बंधन नाही. बंधन आहे ते किमतीचे. सरासरी दर चौरस मीटरला ५० हजार युरोंहून अधिक आहे. जमीन संपल्याने संस्थानाने समुद्रात भर घातली. फाँव्हिएय हा विभाग असाच उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या मारेतेरा या ६ हेक्टरच्या वसाहतीची कथाही तीच.

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. खरेदीदार सामान्यतः १० टक्के रकमेसह लेखी प्रस्ताव देतो आणि अंतिम खरेदीखत नोटरीसमोर होते. जुन्या घरासाठी नोंदणी शुल्क आणि नोटरीचे मानधन मिळून सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, दलाली वेगळी. वार्षिक घरपट्टी नाही. थोडक्यात, जो कर वाचतो त्याचा मोठा वाटा घराच्या किमतीत किंवा भाड्यात आधीच मोजला जातो.

या महागाईची झळ स्थानिकांनाही बसते. नागरिकांसाठी शासन स्वतः इमारती बांधून सवलतीच्या भाड्याने घरे देते. येथे राबणारे ४० हजारांहून अधिक कामगार मात्र रोज फ्रान्स व इटलीतून ये-जा करतात.

भारतीयांसाठी

भारतात करनिवासी असलेल्या व्यक्तीने मोनॅकोत घर घेतले म्हणून तिचा भारतातील कर टळत नाही. सर्वसाधारण निवासीच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे कर लागतो आणि परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठविता येतात. मोनॅकोच्या दराने त्यात चार-पाच चौरस मीटर जागा मिळेल! उभय देशांत करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही २०१२ मध्ये झाला आहे.

गुप्ततेचे दिवसही सरले आहेत. युरोपीय संघाशी झालेल्या २०१६ च्या करारानंतर बँक खात्यांची माहिती आपोआप दिली जाऊ लागली. पैशाच्या गैरव्यवहाराला आळा घालण्यातील उणिवांमुळे जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कृती दलाने मोनॅकोला आपल्या करड्या यादीत टाकले. तेव्हा येथे घर घेऊ इच्छिणाऱ्याने पैशाचा उगम सिद्ध करणारी कागदपत्रे आधी तयार ठेवावीत. घर त्यानंतर पाहावे.