काळाची दारे आणि त्यांची किंमत

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेचा पाया हाच प्रश्न आहे. कथेतील इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला येतात. स्थळ तेच, वर्ष तेच. मात्र इतिहास निराळा.

स्थळकाळाचा असाच खेळ दक्षिण कोरियातील अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकांत वेगळ्या रीतीने मांडला जातो. तेथे विज्ञानाची उपपत्ती लागत नाही; एखादी नित्याची वस्तू पुरते. 'नाइन' (२०१३) या मालिकेत नऊ उदबत्त्या आहेत. एक पेटवली की नायक बरोबर वीस वर्षे मागे जातो आणि अर्ध्या तासाने परततो. 'गॉब्लिन' (२०१६-१७) मध्ये दार उघडताच कोरियातून थेट कॅनडातील क्वेबेक शहरात पाऊल पडते. अंतर क्षणात मिटते. नायकाचे नऊशेहून अधिक वर्षांचे आयुष्य मात्र संपता संपत नाही.

या मालिकांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे काळात केलेल्या ढवळाढवळीची चुकवावी लागणारी किंमत. 'नाइन'मधील नायकाने भूतकाळात केलेल्या एका दुरुस्तीमुळे त्याची प्रेयसी वर्तमानात त्याची पुतणी ठरते. 'सिग्नल' (२०१६) मध्ये एका जुन्या बिनतारी संचावरून आजचा पोलीस अधिकारी भूतकाळातील अधिकाऱ्याशी बोलतो. त्यातून एकाचा जीव वाचतो, तर दुसऱ्याचा जातो.

'सिग्नल'मधील एका प्रकरणामागे ह्वासोंग येथील १९८६ ते १९९१ या काळातील स्त्रियांच्या हत्यासत्राची छाया आहे. त्या हत्यांचा संशयित डीएनए चाचणीमुळे २०१९ मध्ये निष्पन्न झाला व त्याने कबुलीही दिली. परंतु खटला भरण्याची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच उलटून गेली होती. खुनासाठीची अशी मुदत कोरियाने २०१५ मध्ये रद्द केली, तरी आधीच संपलेल्या मुदतीला त्याचा लाभ नव्हता.

गंगाधरपंत निराळा इतिहास पाहतात आणि बखरीचे एक फाटके पान घेऊन परततात; काही बदलणे त्यांच्या हाती नसते. कोरियन नायक मात्र काळाशी झगडा मांडतो. न्यायालयाचे दार ज्यांच्यासाठी उशिरा उघडले, त्यांची हळहळ या अद्भुतामागे आहे.