स्वस्त सर्व्हर आणि ‘लिहिले’ या उत्तराचा अर्थ

एका संगणकाच्या डिस्कवरील फाइली दुसऱ्या संगणकास जाळ्यामार्फत स्वतःच्याच असल्याप्रमाणे वापरता याव्यात, या हेतूने सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ ही पद्धती सिद्ध केली. तिच्या प्रसाराचा इतिहास बहुधा वेग आणि किंमत यांच्या आधारे सांगितला जातो. वस्तुतः त्याच्या मुळाशी अर्थाचा एक प्रश्न आहे: सर्व्हर जेव्हा ‘लिहिले’ असे उत्तर देतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते?

मूळ आराखड्यात हा अर्थ निःसंदिग्ध होता. सर्व्हरने ग्राहक-संगणकाची कोणतीही आठवण ठेवावयाची नाही. तो बंद पडलाच, तर उत्तर येईपर्यंत ग्राहकाने तीच विनंती पुन्हा करावयाची. उत्तर मिळताच मात्र ग्राहक आपल्याजवळील प्रत टाकून देई. म्हणून मजकूर डिस्कवर पोहोचल्याखेरीज उत्तर देऊ नये, असा दंडक होता. पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत एका विनंतीत फार तर ८,१९२ बाइट मावत आणि दर विनंतीस डिस्कची वाट पाहावी लागे. ज्यांना परवडे ते ही दिरंगाई टाळण्यासाठी सर्व्हरात विजेरीवर टिकणारी स्मृती बसवीत.

पद्धतीचे नियम १९८९ मध्ये आरएफसी १०९४ या क्रमांकाने सर्वांस उपलब्ध झाले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या रिक मॅक्लेम यांनी स्वतंत्रपणे लिहिलेला सर्व्हर १९९० मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये समाविष्ट झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तोही सामान्य ३८६ यंत्रावर. अनेक स्वस्त डिस्कांचा समूह विश्वसनीय ठरू शकतो, हे पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्येच प्रतिपादिले होते. अशा रीतीने सामान्य यंत्र, मुक्त आज्ञावली आणि स्वस्त डिस्का एकत्र आल्या.

तथापि या सर्व्हरांत विजेरीवर टिकणारी स्मृती क्वचितच असे. लिनक्सवरील सर्व्हरने वेगासाठी वेगळा मार्ग पत्करला: मजकूर केवळ स्मृतीत येताच तो ‘लिहिले’ असे कळवू लागला. त्याच क्षणी वीज गेल्यास मजकूर नष्ट होई आणि ग्राहकास त्याचा पत्ताही लागत नसे. डिस्कांच्या दोन प्रती ठेवूनही हा दोष जात नाही. जे डिस्केपर्यंत आलेच नाही, त्याची प्रत कोठून होणार?

या पेचाचे उत्तर यंत्रात नव्हे, नियमांत सापडले. १९९५ मध्ये आरएफसी १८१३ द्वारे प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने एका उत्तराची दोन उत्तरे केली: ‘घेतले’ आणि ‘कायम केले’. दुसरे उत्तर येईपर्यंत ग्राहकाने प्रत जपावयाची. दरम्यान सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याचे त्याच्या बदललेल्या खुणेवरून कळताच मजकूर फिरून पाठवावयाचा. यामुळे स्वस्त यंत्रासही सत्य न सोडता वेग साधता आला. लिनक्सच्या सर्व्हर-साधनसंचातही १.०.० या आवृत्तीपर्यंत घाईचे उत्तर हाच प्रघात होता. त्यानंतरच्या आवृत्त्यांत डिस्कची वाट पाहणे हा प्रघात झाला.

स्वस्त सर्व्हराची विश्वसनीयता केवळ डिस्कांच्या संख्येवर अवलंबून नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. दिलेल्या उत्तराचा अर्थ सर्वांस ठाऊक असणे आणि तो पाळला जातो की नाही हे कोणासही तपासता येणे, यांवर ती उभी राहिली.